दातांचे घरगुती उपाय: काय ठेवलं, काय सोडलं

लवंगेच्या तेलाचा बोळा रात्रभर दाढेत धरून झोपलेली मी. ठणका थांबला खरा, पण सकाळी आरशात बघते तर शेजारची हिरडी पांढरीफटक, सोलवटल्यासारखी. लवंगेतलं युजेनॉल दाढ बधिर करतं, पण नुसतं तेल हिरडीला पोळवतं. आता वेळ आलीच तर अर्धा चमचा खाद्यतेलात दोन थेंब, कापसाच्या टोकाने फक्त दाढेला, तेही डॉक्टर भेटेपर्यंतच. किडीचा खड्डा कुठल्याही तेलाने बुजत नाही.

मिठाची चूळ मात्र हक्काची. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा मिनिट खळखळवून थुंकायचं. हिरडी सुजली की आराम पडतो. दाढ काढली असेल तर पहिले २४ तास नको. रक्ताची गुठळी सुटते.

तेलाची चूळ मी अजून अधूनमधून घेते, तोंड हलकं वाटतं म्हणून. ब्रशच्या जागी नाही. आणि तेल बेसिनमध्ये थुंकू नका, कागदात टाका. आमचा पाइप तुंबला होता.

लिंबू चोळणं कायमचं बंद. पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लिंबाचा असतो २ च्या आसपास. कोळशाच्या पावडरीने डाग निघतात, पण घासून. सोबत कवचही झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. खाण्याचा सोडा त्या मानाने सौम्य.

खरं औषध तोंडातच आहे: लाळ. खाल्ल्यावर तयार झालेलं आम्ल ती अर्ध्या-एक तासात उतरवते, मऊ पडलेल्या कवचाला कॅल्शियम परत देते. दिवसभर तोंड चालूच असेल तर तिला उसंत कुठे मिळणार? म्हणून मी गोड जेवणासोबतच उरकते. आंबट खाल्लं तर साध्या पाण्याने चूळ भरते आणि ब्रशला निदान अर्धा तास हात लावत नाही.

फ्लोराइड, म्हणजे पेस्टमधला कवच बळकट करणारा घटक, मी वर्षभर सोडलं होतं, 'नैसर्गिक' पेस्टच्या नादाने. परत धरलं. पेस्टवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लिहिलेलं बघते, रात्री घासून फेस थुंकते, वर पाण्याने चूळ भरत नाही.

आणि दातावर कडक झालेलं किटण पिनेने खरवडू नका. ते दवाखान्यातच निघतं.