रवा-पाव न घालता फिश कटलेट, आधी काय काय काढून ठेवायचं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाजारात मिळतं ते बर्फातलं नि महाग, म्हणून पावसाळ्यात ट्यूनाचे दोन डबे माझ्या कपाटात असतातच. यंदा जाऊबाईंनी धान्य बंद केलंय, म्हणून हे कटलेट रवा, पाव, तांदळाचं पीठ काहीच न घालता करायचे होते. सोपं आहे, फक्त सगळं आधी मांडून ठेवा, एकदा मच्छीचा हात झाला की डबे उघडत बसायचा वैताग येतो.

आधी बटाटे. मध्यम दोन, साधारण पाव किलो, सालासकट अख्खे उकडायचे, कापून उकडले की पाणी पितात. आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये टाकले तर बेस्ट, सकाळी किसून घ्यायचे. मी एकदा घाईत गरमच कुस्करले, पहिलं कटलेट उलटायला गेले तर अर्धं उलथण्यावर नि अर्धं तव्याला चिकटलेलं, शेवटी सगळं परतून भुर्जी म्हणून वाढलं, कोणाला कळलं नाही (नवऱ्याला कळलं).

मग ट्यूना. १८५ ग्रॅमचा डबा घेतला तरी पाणी काढल्यावर सव्वाशे-दीडशे ग्रॅमच उरतो. गाळणीत ओतून मुठीने पिळा, बोटांतून थेंब यायचे थांबले की झालं. मांजर तोवर पायात आलेली असतेच. खाऱ्या पाण्यातला डबा असेल तर मीठ शेवटी, चाखूनच.

आता बाइंडिंग, खरी गोम इथेच आहे. उपासाचे डबे काढा! शिंगाडा हे पाण्यातलं फळ आणि साबुदाणा कंदाचा, दोन्ही धान्य नाहीत. शिंगाड्याचं पीठ दोन चमचे आत, आणि वाटीभर साबुदाणा मिक्सरला बारीक रव्याइतका करून बाहेरून लावायला, जाड राहिला तर दाताखाली खडा लागतो. फक्त दोन्ही आधीच वेगळ्या वाटीत काढा, मच्छीचा चमचा उपासाच्या डब्यात गेला तर सासूबाई एकादशीपर्यंत ऐकवतील. वरई उपासाला चालते म्हणून इथे घेऊ नका, ते धान्यच आहे, कॉर्नफ्लोअरही मक्याचं म्हणून बाद. आणि हिंग! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, लेबल वाचा, मी तर घालतच नाही, लसूण आहे ना.

बाकी नेहमीचंच, एक अंडं, दोन मिरच्या, आलं-लसूण ठेचून, कोथिंबीर, हळद, तिखट, अर्धं लिंबू. कांदा एकच, बारीक चिरून, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या, त्याचंही पाणी नको.

सगळं कालवून चपटे गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, तेवढ्यात बिडाचा तवा, तेल, उलथणं नि ताटलीत कागद तयार ठेवा. मध्यम आच, एका बाजूला चार मिनिटं, मध्ये मध्ये उचकायचं नाही. पहिलं एकच टाकून बघा, फुटलं तर उरलेल्यात अजून चमचाभर शिंगाडा घाला. एवढ्यात आठ होतात, जाऊबाईंचे तीन आधीच झाकून ठेवा, पोरं उरू देत नाहीत.