पंच फोडू नका: स्टँड-अप कॉमेडीचं कॅप्शनिंग कसं करावं

सॉफ्टवेअर कोणतं वापरू, हा प्रश्न मला विचारू नका. सबटायटल एडिट फुकट आहे, एजिसबही फुकट आहे, दोन्हींत आवाजाची लहर दिसते आणि तेवढं पुरतं. मराठी टायपिंग येतं, टाइमकोड कळतो, हे धरून चालतो. मालिका आणि मुलाखतींचे नियम स्टँड-अपला जसेच्या तसे लावले की एपिसोड मेलाच म्हणून समजा. अंधेरीच्या एडिट रूममध्ये अजून सर्रास तेच चालतं.

कामाला हात घालण्याआधी प्रॉडक्शनकडून कलाकाराच्या माइकचा वेगळा ट्रॅक मागा. फायनल मिक्समध्ये हशाखाली दबलेलं वाक्य त्यात स्वच्छ ऐकू येतं. "तसं काही नसतं" असं उत्तर येईल. असतं. पुन्हा मागा.

मग कीबोर्डला हात न लावता अख्खा एपिसोड एकदा बघा. पाचव्या मिनिटाला सहज येऊन गेलेला शब्द पस्तिसाव्या मिनिटाला कॉलबॅक म्हणून, म्हणजे जुन्याच विनोदाचा धागा धरून, परत येतो. तो तुम्ही आधी "अनावश्यक" म्हणून गाळलात, की शेवटी सगळं थिएटर हसतं आणि कॅप्शन वाचणारा बघत बसतो.

मजकूर मशीनकडून काढलात तरी चालेल, पण नीट तपासा. मुंबईतला कलाकार एकाच वाक्यात मराठीतून हिंदीत आणि तिथून इंग्रजीत उडी मारतो आणि मशीन तिथेच आपटतं. "नाही नाही नाही नाही" चारदा म्हटलं असेल तर चारदाच लिहा. शिवी ऐकू येत असेल तर लिहा, बीप असेल तर [बीप]. आणि "खंय चललंस?" या मालवणीचं "कुठे चाललास?" करण्याची खुमखुमी आवरा. कॅप्शन म्हणजे शुद्धलेखनाची वही नव्हे. मशीनने दिलेल्या वेळा मात्र सगळ्या फेकून द्या.

आता टायमिंग. याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलंय आणि वाईट सल्लेही इथेच मिळतात. समजा विनोद असा आहे:

आईला म्हटलं, डिप्रेशन आलंय गं.
आई म्हणाली, आणि कोथिंबीर?

नेटफ्लिक्सच्या नियमावलीप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरं, कॅप्शन सात सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. वरचं कॅप्शन या सगळ्या नियमांत बसतं आणि विनोदाची माती करतं. माणूस बोलण्यापेक्षा भरभर वाचतो. कलाकार "डिप्रेशन" म्हणत असताना प्रेक्षक कोथिंबिरीपर्यंत पोचलेला असतो. घरातले बाकीचे हसतात तेव्हा त्याचं हसून झालेलं असतं, किंवा हसूच आलेलं नसतं.

म्हणून याची तीन कॅप्शनं करा. पहिलं "डिप्रेशन आलंय गं"पर्यंत. दुसऱ्यात नुसतं "आई म्हणाली," आणि तिसऱ्यात "आणि कोथिंबीर?" एकटं. कलाकार मधे श्वास घेतो, आईसारखी मान वळवतो. तेवढा वेळ "आई म्हणाली," पडद्यावर राहू द्या. पॉज फारच लांबला आणि सगळं काम चेहरा करत असेल, तर मात्र ते काढून पडदा मोकळा ठेवा, नजर वर जाऊ द्या. त्या स्वल्पविरामाच्या जागी तीन टिंबं देऊ नका. टिंबं दिली की पुढे पंच, म्हणजे हसवणारं शेवटचं वाक्य, येतोय अशी दवंडी पिटल्यासारखं होतं.

पंचाचा इन टाइम, म्हणजे कॅप्शन पडद्यावर येण्याची वेळ, आवाजाच्या लहरीवर बघून लावा, कानाने अंदाज घेऊन नाही. इतरत्र कॅप्शन दोन-तीन फ्रेम आधी आलं तर कोणाचं बिघडत नाही, पंचाला एकही फ्रेम आधी नको. सगळ्यात मोठा घोटाळा शॉट बदलताना होतो. कॅप्शन कटला चिकटवा, असं सगळे शिकवतात. स्टँड-अपचा एडिटर मात्र बरेचदा पंचाच्या जरा आधी क्लोजअपवर कट मारतो. तिथे कॅप्शन कटला चिकटवलंत की पंच फुटला. अशा वेळी कट विसरा, आवाज धरा.

पंचामागोमाग टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेला छोटा दुसरा पंच, आला तर दोन्ही एका कॅप्शनमध्ये कोंबू नका. कॅप्शन निदान ५/६ सेकंद दिसायला हवं, म्हणून टॅग किंचित उशिरा आणा. उशीर खपतो, घाई खपत नाही. कलाकार तोफखान्यासारखा बोलत असेल आणि शब्द कमी करावेच लागले, तर सेटअपमधले, म्हणजे पंचाआधीच्या मांडणीतले, करा, पंचातला "च"सुद्धा काढू नका. शब्दांचा क्रमही "सुधारू" नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पुष्कळदा हशाही तिथेच असतो.

अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या आयोगाने, २०१४ मध्ये कॅप्शनच्या दर्जाच्या चार कसोट्या ठरवल्या: अचूकपणा, वेळ, पूर्णता आणि पडद्यावरची जागा. आपल्याकडे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये श्रवणदिव्यांगांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं काढली. एफसीसीच्या यादीत पहिली अचूकता असली तरी स्टँड-अपमध्ये मी वेळेला वरचा नंबर देतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी विनोद जगतो. याच कारणासाठी रेकॉर्डेड शोला ओळी खालून वर सरकणारं रोल-अप वापरू नका, अख्खं कॅप्शन एकदम येऊन एकदम जाणारं पॉप-ऑनच घ्या.

हशाचं लेबल प्रत्येक वाक्याला नको. प्रेक्षक हसताना दिसतात. कलाकार हशावर काही बोलला तरच [हशा], आणि विनोद पडल्यावर तो त्या शांततेशीच खेळत असेल तर [शांतता]. नक्कल असेल तर कलाकाराने नाव घेईपर्यंत तुम्हीही घेऊ नका, [घोगऱ्या आवाजात] पुरे. पहिल्या रांगेतला कोणी उत्तर देत असेल तर [प्रेक्षक] लिहा आणि त्याचं वाक्य स्वतंत्र कॅप्शनमध्ये टाका.

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, विचारून घ्या आणि शेवटचं कॅप्शन तपासा: २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे सुरुवात बरोबर आणि शेवटचे सगळे पंच वाया.

तपासणी दोनदा. एकदा आवाज बंद करून, आणि एकदा कॅप्शनवर विसंबून टीव्ही बघणाऱ्या माणसाबरोबर, त्याला मेहनताना देऊन. तो वाचताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. कलाकाराच्या तोंडून शब्द निघायच्या आधी तो हसला तर त्या जागेचा टाइमकोड टिपा.

क्यूसीवाले, म्हणजे दर्जा तपासणारे, "कॅप्शन फार छोटं, मागच्यात जोडा" असा शेरा मारून फाइल परत पाठवतील. त्या टाइमकोडसमोर "पंच, मुद्दाम वेगळा" असं लिहा आणि तशीच परत पाठवा.