डिंकातला अरॅबिनोज: बायल टेस्ट नीट कशी करावी

बायल टेस्ट म्हणजे पाच कार्बनची साखर (पेंटोज) रंगावरून ओळखायची चाचणी; इथे ती डिंकावर करू. आमच्या इंदूरला लाडवांसाठी सियागंजातून डिंक आणताना बाभळीचा थोडा वेगळा बांधून घ्या. पारदर्शक, काचेसारखा तुटणारा खडा निवडा. कतिरा नको, तो नुसता फुगतो आणि गाळताना जीव खातो.

1 ग्रॅम कुटून 100 मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मलमलीतून गाळा. या पाण्याला गोडी नसते, कारण साखर मोकळी नसते. डिंकाच्या रेणूचा कणा गॅलॅक्टोजचा. अरॅबिनोज ही पाच कार्बनची साखर त्याच्या फांद्यांवर बसलेली. बरीचशी टोकाला असल्याने सौम्य आम्लातही तीच आधी सुटते.

बायलच्या अभिकर्मकात ऑर्सिनॉल, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फेरिक क्लोराइडचे थेंब असतात. आम्ल इतकं जोरदार, की साखर सोडवायला डिंक आधी वेगळा उकळावा लागत नाही. चष्मा लावा, फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापाशी) उभे राहा. नळीत 2 मिली अभिकर्मक, त्यात डिंकाच्या पाण्याचे काही थेंब, आणि नळी उकळत्या पाण्यात. पेंटोजमधून पाणी निघून फुरफुरल बनतं, त्याची ऑर्सिनॉलशी गाठ पडली की निळसर हिरवा रंग येतो.

तुलनेसाठी शेजारी अभिकर्मकाच्याच एका नळीत ग्लुकोज, एकीत नुसतं पाणी हवंच. मुलं इथेच अंग चोरतात आणि मग मातकट तपकिरीला ‘हिरवट’ म्हणून वहीत लिहितात. रंग आला की नळी लगेच बाहेर काढा. डिंकात ग्लुकुरॉनिक आम्लही असतं; उकळत ठेवलंत तर तेही तसाच रंग देऊ लागतं.

व्हायव्हात विचारतील, “मग हा अरॅबिनोजच ना?” मान डोलावू नका. झायलोजही तोच रंग देतो. ‘पेंटोज आहे’ एवढंच सांगा. नाव ठरवायला पेपर क्रोमॅटोग्राफी (कागदावर साखरा वेगळ्या करायची पद्धत) करायची, शेजारी शुद्ध अरॅबिनोजचा ठिपका देऊन.

तो शुद्ध अरॅबिनोज बायोटेकवाल्यांकडे सापडेल. ई. कोलाय या जिवाणूत घातलेला जीन चालू करायला ते तो जिवाणू वाढवायच्या माध्यमात मिसळतात. माध्यमात ग्लुकोज असला तर तो जीन दबून राहतो, तेव्हा बाटली मागून आणलीत तर आपला ग्लुकोजचा चमचा तिच्यात बुडवू नका. पुढच्या वेळी बाटली मिळणार नाही.