गावात बीपी मोजायला जाताना

मी वैद्यकीय महाविद्यालयात समाजसेवा अधीक्षक आहे. पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाची गाडी गावात निघाली की ड्रायव्हरशेजारी मी आणि मागे एमबीबीएसची मुलं. कुटुंब दत्तक कार्यक्रम (विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचं) अभ्यासक्रमात आल्यापासून पहिल्या वर्षाची मुलंही असतात. गावात पाय ठेवण्याआधी त्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे वेळ गावाला विचारून ठरवा. आमच्या विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी 11 ला गेलात तर दारात कुलूप आणि पारावर दोन म्हातारे भेटतील. ज्यांचं बीपी कधीच मोजलेलं नाही, ती चाळिशीतली बाई आणि तिचा नवरा वावरात असतात. आशाताईंना आठ दिवस आधी फोन करा. त्या सांगतील, संध्याकाळी 6 नंतर या, किंवा बचत गटाची मीटिंग आहे त्या दिवशी या. 17 मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन, पण तेव्हा आमच्याकडे उन्हाचा कहर असतो. त्या दिवशी सकाळी 7 ला सुरू करा आणि 10 ला आवरा.

गावात निरोप द्यायचा तो बोलीत. 'असंसर्गजन्य रोग तपासणी शिबिर' असा फलक लावलात तर कुणी फिरकणार नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एवढंच सांगायचं: "बुधवारी संध्याकाळी 6 वाजता मारुतीच्या पारावर बीपी फुकट मोजणार आहेत. तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांनी या. डोकं दुखत नसलं तरी या." शेवटचं वाक्य विसरू नका. बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि एक दिवस लकवा मारतो.

आता मोजणं. मुलांना घाई असते, रांग मोठी असते, म्हणून इथे मी अडून बसते. माणूस चालत आला की लगेच पट्टा गुंडाळायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न घेता बसवायचं. त्यासाठी पाठीच्या खुर्च्या आधीच मागवून ठेवा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा खर्रा घेतला का, हे नीट विचारा. खर्रा तोंडात असतानाच माणूस "नाही" म्हणून मान हलवतो. लघवी दाबून धरली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. मोजताना कुणी बोलायचं नाही, तुम्हीही नाही.

बायकांच्या बाबतीत इथेच गडबड होते. ब्लाउजची बाही घट्ट असते, चार माणसांत ती वर करायला आजी लाजते, आणि मुलगा बाहीवरूनच पट्टा बांधतो. बाही वर सरकवून बांधलं तरी ती दंडाला आवळते आणि आकडा चुकतो. आम्ही अंगणवाडीच्या खोलीत दाराला साडी बांधून आडोसा करतो. आत मुलगीच मोजते. सैल बाहीचा ब्लाउज घालून या, असा निरोपही आशाताई आधीच देतात.

दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ द्या. 140/90 किंवा त्यावर आलं तर "तुम्हाला बीपी आहे" असं पारावर जाहीर करू नका. एका दिवसाच्या आकड्यावर निदान होत नाही. हळू आवाजात सांगा की आकडा वाढलेला आहे, पुन्हा बघावं लागेल. वरचा 180 किंवा खालचा 110 पर्यंत गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांसमोर न्या. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, जीभ अडखळत असेल, तर सरळ 108 लावा.

चिठ्ठी मात्र प्रत्येकाला द्या. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका काकांचा आकडा बराच वर होता. मी तोंडी सांगितलं, त्यांनी "हो ताई" म्हटलं. सोयाबीन सोंगायला आलं होतं, ते दवाखान्यात गेलेच नाहीत. दिवाळीनंतर त्या गावात गेले तर काका बाजेवर, उजवा हात लुळा. काकू मला म्हणाल्या, "कागुद दिला असता तर पोराला दाखवला असता." तेव्हापासून चिठ्ठीवर ठळक आकडा, तारीख, कुठे जायचं आणि कोणत्या वारी, एवढं लिहिते. एक प्रत आशाताईंकडे, एक उपकेंद्रातल्या सीएचओंकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

गोळी सुरू झाली की दुसरी अडचण येते. आकडा खाली आला की लोक गोळी सोडतात, "सवय लागते" म्हणून. त्यांना समजावा की गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आहे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. मिठाचं बोलायचं तर स्वयंपाक करणारीशी बोला. दिवसाला एका माणसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. लोणचं, पापड, ठेचा त्यातच आले. ताटात वरून घ्यायचं मीठ आधी बंद करा, ते सोपं जातं.

पेपरात बातमी द्यायची असेल तर थांबा. किती जणांचं मोजलं, हे आधी गावाला सांगा, मग वार्ताहराला. दंडाला पट्टा बांधलेल्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. आणि बातमीत पुढच्या फेरीची तारीख असलीच पाहिजे.

ती फेरी महिन्याच्या आत करा. यादी हातात घेऊन घरोघरी जा. जो आला नाही त्याच्या ओट्यावर बसा, का जमलं नाही ते विचारा आणि तिथेच पुन्हा मोजा.