डेम्पस्टर हायवेवर एकट्याने निघताय? आधी स्टेपनी बघा

कॅनडातल्या युकॉनमध्ये डॉसन सिटीजवळून सुटणारा डेम्पस्टर हायवे उत्तरेला इनुविक गावापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जातो, जवळपास सगळा खडीचा. शरदात इथे एकट्याने गाडी घेऊन येणाऱ्यांत हल्ली आपली मंडळीही दिसतात. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच.

सगळ्यात डोकं फिरवणारी म्हणजे, "डिकीत स्टेपनी आहे की!" अरे, ती बघितलीस का? बऱ्याच नव्या गाड्यांत ती बारकी, कामचलाऊ असते. इथली खडी धारदार. ती टायरची बाजूच चिरते, आणि बाजू चिरली की पंक्चरचं किट, टायरमध्ये मारायच्या फेसाची बाटली सगळं बाद.

ओगिल्वी नदीच्या पुढे असाच एक पुण्याचा मुलगा भेटला. भाड्याची एसयूव्ही, मागचं चाक फाटलेलं. जॅक खडीत खचून गाडी एकदा घसरली होती, दाराखालचा पत्रा चेपला होता. तरी गडी बारकी स्टेपनी लावून पुढे निघायच्या तयारीत! "काका, हळू जाईन." आतापर्यंत किती वेगाने आलास? "नव्वद. रस्ता मस्त होता." मस्त होता, कारण नुकताच ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, फिरला होता, त्यामुळे दगडांची ताजी टोकं वर आलेली. शेवटी एका ट्रकवाल्याने त्याला वाटेतल्या ईगल प्लेन्सच्या थांब्यावर सोडलं. त्या मापाचा टायर तिथे नव्हता. तो डॉसनहून येईपर्यंत साहेब हॉटेलात बसून, वाचवलेल्या वेळाचा हिशेब करत.

मी पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी नेतो. वेग साठच्या आसपास. समोरून ट्रक आला की बाजूला घेऊन जवळजवळ थांबतोच. उडणाऱ्या खडीने काच तडकते, आणि ती महाग असते. भाड्याच्या गाडीचा करार खडीच्या रस्त्याला परवानगी देतो का, तेही वाचा.

पेट्रोल: सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर पंप नाही. टाकी भरा, वर कॅन घ्या.

पाऊस पडला की रस्ता साबण होतो. थांबा.

रंग बघायला सप्टेंबरअखेर येणारे पूर्वेकडच्या ओंटारिओचं कॅलेंडर घेऊन येतात. या रस्त्यावरच्या टूम्बस्टोन पार्कचे रंग साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला भरात असतात. मेपल शोधू नका; इथला लाल रंग पायाखाली, गुडघ्याएवढ्या बर्चच्या झुडपांत असतो.

वाटेतल्या पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूल नाहीत, फेरीबोट आहे. नदी गोठायला लागली की ती बंद, आणि बर्फावरचा रस्ता तयार व्हायला वेळ लागतो. ऑक्टोबरात पलीकडे जाणाऱ्याने परतीची तारीख नक्की धरूच नये.

आणि खाणं. "दोन दिवसांत पोचतोच" म्हणून बिस्किटांवर निघणाऱ्यांना मी या रस्त्याच्या नावाची गोष्ट सांगतो. १९१० च्या डिसेंबरात फिट्झगेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन साथीदारांसह उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला, वाटेत वाट चुकली, चौघेही मेले. मार्च १९११ मध्ये त्यांचे मृतदेह शोधून काढणारा तो डेम्पस्टर.

हॉटेलचं बुकिंग असलं तरी माझ्या गाडीत चार दिवसांचं जास्तीचं खाणं, थंडीची झोपायची पिशवी आणि सॅटेलाइट मेसेंजर असतोच. डॉसन सोडलं की वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज विसरा.