जुना लेथ खोलण्याआधी

माझा लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, घरी आला तेव्हा बेडवर (ज्यावर बाकी सगळं बसतं तो लांब लोखंडी पाया) गंजाची लाल साय होती आणि चक (कामाचा तुकडा पकडून फिरणारा जबडा) हाताने हलत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी मी पाने घेऊन हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारी पेटी, खोलायला बसलो. नेमकं काय झिजलंय आणि काय नुसतं मळलंय हे कळण्याआधीच बेअरिंगची मूळ बसवणी मोडली, ती परत जमायला मला कित्येक महिने लागले. म्हणून आधी साफ करा, मग मोजा, आणि स्क्रूला हात त्यानंतर लावा.

बेडवर रॉकेल लावून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी ब्लेड जवळजवळ आडवं धरून गंज खरवडा. पॉलिश पेपर नको. त्याची खर हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या सॅडलखाली अडकते आणि बेड घासत राहते. बेड हाताने स्क्रॅप केलेला (बारीक खरवडून सपाट केलेला) असेल, तर टेलस्टॉकच्या, म्हणजे चकसमोरच्या आधाराच्या, टोकाला त्या खुणा अजून दिसतील, चकजवळ पुसल्या गेल्या असतील. बहुतेक काम चकजवळच होतं, म्हणून झीजही तिथेच.

लहान लोखंडी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जर लावून काढता येतो. भाग निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. स्टेनलेसचा पत्रा कधीही वापरू नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा हे काम उघड्यावरच. बाहेर काढल्याबरोबर भाग पुसून, वाळवून तेल लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकावर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, टेकवा आणि लाकडी दांड्याने चक वर-खाली उचकून बघा. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत हलला, तर बेअरिंग खोलूच नका. साध्या बुशच्या (नुसत्या धातूच्या नळीच्या) बेअरिंगला तेलापुरती फट लागतेच, ती आवळून बंद केली तर बुश जळतं.

सॅडलच्या जिबा (सॅडल आणि बेडमधली फट कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) कमी झिजलेल्या टोकाला, म्हणजे टेलस्टॉककडे, बसवा. चकजवळ घट्ट केल्यात तर सॅडल पलीकडे जाऊन अडकेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा लेथ दीडशे मिलिमीटरवर 0.06 मिमी निमुळतं कापायचा आणि मी बेड गेला म्हणून हाय खाल्ली होती. प्रत्यक्षात टेबलावर एक पाय अधांतरी होता, बोल्ट आवळला की बेड पिळायचा! तपासणी अशी करा: चाळीस मिमीचा गोल बार चकमध्ये नुसता पकडा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग बारीक करून दोन्ही टोकांना कॉलर, म्हणजे जाड कडं, ठेवा. क्रॉस स्लाइड (हत्यार आडवं पुढे-मागे नेणारा भाग) न हलवता, धारदार हत्याराने दोन्हींवर अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडची कॉलर जाड निघाली, तर त्या टोकाच्या पुढच्या, आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घाला. बारीक निघाली तर मागच्या पायाखाली.

दर शिमनंतर बोल्ट आवळून परत कट घ्या, कारण आवळल्यावरच बेड खरा पिळतो. मला सात फेऱ्या लागल्या आणि फरक 0.01 वर आला. टेबल लाकडी असेल, तर आठवड्याने हीच तपासणी पुन्हा करा.