ग्राफीन ऑक्साईडच्या मेम्ब्रेनने अल्कोहोलमधलं पाणी कसं काढायचं

इथेनॉल साध्या पद्धतीने कितीही वेळा डिस्टिल करा, वजनाने साधारण 95.6 टक्क्यांवर गाडी अडतेच, कारण तिथे पाणी आणि अल्कोहोल त्याच प्रमाणात एकत्र वाफ होऊन वर येतात. इथे ही मेम्ब्रेन कामाला येते, म्हणजे ग्राफीन ऑक्साईडच्या (ऑक्सिजन जोडलेल्या, अणूइतक्या पातळ कार्बनच्या पापुद्र्यांच्या) एकावर एक थरांचा पातळ पडदा. 2012 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या आंद्रे गाईम, राहुल नायर आणि टीमने दाखवलं की हिच्यातून हेलियमसारखा लहान अणूंचा वायूसुद्धा जात नाही, पाण्याची वाफ मात्र आरामात जाते, मला तर हे अजूनही अफाट वाटतं!

आधी ग्राफीन ऑक्साईड पाण्यात सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी थर सुटे करा), मग सेंट्रीफ्यूज करून (जोरात फिरवून) गठ्ठे काढून टाका. हे पातळ द्रावण अल्युमिनाच्या (अल्युमिनियम ऑक्साईडच्या) फिल्टरवर व्हॅक्यूम लावून हळूहळू गाळा, आणि इथे अजिबात घाई नको, कारण थरात एक बारीक भोक राहिलं तरी अल्कोहोल तिथूनच पळणार आणि सगळी मेहनत वाया. वाळवताना जास्त तापवू नका, ऑक्सिजनवाले ग्रुप निघून गेले की थर जवळ येतात आणि पाण्याचीच वाट बंद होते.

आता मेम्ब्रेनच्या एका बाजूला कोमट अल्कोहोल, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, आणि मेम्ब्रेन व पंपाच्या मधे कोल्ड ट्रॅप (आलेली वाफ थंड करून पकडणारं भांडं), याला परव्हेपोरेशन म्हणतात. ट्रॅपमध्ये मुख्यतः पाणी जमायला हवं, आणि अल्कोहोलमध्ये किती पाणी उरलं ते कार्ल फिशरने (पाणी मोजायच्या रासायनिक चाचणीने) तपासा.

फीडमध्ये (म्हणजे मेम्ब्रेनला दिलेल्या अल्कोहोलमध्ये) पाणी खूप असेल तर थर फुगतात आणि अल्कोहोलही निसटतं, म्हणून आधी डिस्टिल करूनच घ्या. वाफ पटकन पेट घेते, त्यामुळे हे सगळं लॅबमध्ये फ्युम हूडखालीच करा.